कातडीची चुगली ऐकणारे डॉक्टर बार्शीकर

डॉक्टर बार्शीकर अकरा वर्षं माझे शेजारी होते, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी मला चेहऱ्यावरून एकदाही ओळखलं नाही.

खोटं वाटत असेल तर हे ऐका. थंडीची सकाळ होती. मी कानाला मफलर गुंडाळून, बंद गळ्याचा कोट चढवून त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कोण? परगावाहून आलात का?"

आदल्याच संध्याकाळी या गृहस्थांनी माझ्या घरी बसून दोन कप चहा प्यायला होता. मी वाद घातला नाही. कोटाची बाही वर सरकवली आणि कोपर पुढं केलं. लहानपणी चुन्याच्या ढिगात पडलो होतो, त्याची पांढरट खूण माझ्या कोपरावर आहे.

"अरे, पेंटर!" डॉक्टर आनंदानं ओरडले. "मग असं सांगा की! या, या, आत या."

डॉक्टरांच्या डोक्यावर काळी टोपी, अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट, आणि कोटाच्या खिशातून बाहेर लोंबणारी एक दोरी. त्या दोरीला भिंग बांधलेलं. रस्त्यात कुणी भेटलं की डॉक्टर हात पुढं करत. नवख्याला वाटे, साहेबी थाटाचा माणूस आहे, हस्तांदोलन करतोय. तो बिचारा हात देई, आणि पुढची पाच मिनिटं तो त्याला परत मिळत नसे. नखं बघून होत, बोटांच्या बेचक्या बघून होत, मनगट उलटं करून भिंगाखाली जाई. गल्लीतल्या बायका त्यांना पाहून पदर गळ्याभोवती ओढून घेत. ते लाजेनं नव्हे. मानेवर काही दिसलंच तर हा माणूस भर चौकात "बाई, पोट साफ होतं का?" असं विचारायला कमी करणार नाही, ही सगळ्यांना खात्री होती.

"पेंटर," ते मला म्हणत, "कातडीसारखी चुगलखोर बाई जगात नाही. पोटातलं भांडण, रक्तातली चोरी, यकृताचा आळस, सगळं अंगणात येऊन सांगते. आपण फक्त कान द्यायचा." मग भिंग काढून कुणाच्या तरी दंडावर वाकत आणि पुटपुटत, "हं, बोला बाई. काय म्हणता?"

सोलापुरात ऊन भरपूर आणि माणसांच्या अंगावर कपडे बेताचे. त्यामुळे हे शहर म्हणजे डॉक्टरांना पानं उघडी टाकलेलं पुस्तकच वाटे. ते वाचायला त्यांना परवानगी लागत नसे.

एकदा एक नाटक मंडळी गावात आली होती. तिचे पडदे मी रंगवलेले. पहिल्या अंकाला मी सहा महिने खपून काढलेला राजदरबार होता. झुंबरं अशी, की पुढच्या रांगेतले लोक डोळ्यांवर हात धरत. मी डॉक्टरांना मुद्दाम सोबत नेलं होतं. पडदा वर गेला, टाळ्या पडल्या. मी हळूच डॉक्टरांकडं पाहिलं, तर ते पुढच्या खुर्चीतल्या एका कापडवाल्या शेठजींची मान वाचत होते. दोन अंक त्यांनी ती मान वाचली. मध्यंतरात शेठजींच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाले, "शेठ, ही गळवं एकामागून एक येतात ना? तहान फार लागते? लघवीला सारखं उठावं लागतं?"

शेठजी लालबुंद झाले. त्यांच्या शेजारी त्यांचे व्याही बसले होते. पण आठवड्याभरात ते मुकाट्यानं दवाखान्यात आले, तपासणी झाली आणि लघवीत साखर निघाली. वेळेवर कळलं म्हणून शेठजी वाचले. कृतज्ञतेनं त्यांनी डॉक्टरांना दोन शेर पेढे पाठवले. डॉक्टर तसेच टोपी घालून शेठजींच्या पेढीवर गेले आणि म्हणाले, "पेढे मिळाले. आता मला सांगा, यातले आणताना चाखून बघितले किती?"

शेठजींनी मान खाली घातली. चार चाखले होते.

पुढं बोलपट आले आणि नाटक मंडळ्या पटापट बसल्या. माझ्या झुंबरांचा पडदा एका अडत्यानं धान्याच्या पोत्यांवर टाकायला नेला. मी रिकामा झालो. तेव्हा डॉक्टर एके दिवशी म्हणाले, "तुम्ही महाल रंगवता. नायटा रंगवाल का?"

मी दुखावलो. पण पोट दुखावण्यापेक्षा मन दुखावलेलं बरं, म्हणून हो म्हटलं. डॉक्टरांना हरतऱ्हेच्या चट्ट्यांचा रंगीत संग्रह करायचा होता. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. "फोटोत गोवर आणि घोंगडं सारखंच दिसतं," असं ते म्हणत.

माझी पहिली कामगिरी एका पैलवानाची पाठ होती. मी नायटा काढला, अगदी हुबेहूब काढला, आणि सवयीनं मागं थोडं चांदणं टाकलं, एक तळं टाकलं, तळ्यात दोन कमळं टाकली. डॉक्टरांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"पेंटर," ते म्हणाले, "याला नायटा झालाय. चांदणं झालेलं नाही."

रंगांची नावंही त्यांनी बदलून टाकली. त्यांना किरमिजी, जांभळा असले रंग कळत नसत. त्यांचा सगळा कारभार स्वयंपाकघरातून चाले. "हा पिवळा चुकला. मला पिठल्याचा पिवळा हवा, गार झालेल्या पिठल्याचा. आणि कडेला करपल्या भाकरीचा काळा." त्यांचं वर्णन ऐकून मला भूक लागे आणि चित्र पूर्ण झालं की ती मरे.

अशा त्या दिवसांत नरसय्या आला.

नरसय्या साखर पेठेतला विणकर. घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी, आणि स्वभावाची भाषा मौन. हा माणूस हसलेला त्याच्या सख्ख्या भावानंही पाहिला नव्हता. बायको वारलेली, मूल नाही. भावाच्या घरातच त्याचा माग होता. तो आला तेव्हा सोबत त्याची भावजय लक्ष्मव्वा होती, पण ती दहा पावलं लांब, नाकाला पदर लावून रस्त्यावरच उभी राहिली.

नरसय्यानं गळ्याचं फडकं सोडलं. मी दचकलो. मानेभोवती काळ्या, खरखरीत चामड्याची माळ घातल्यासारखा पट्टा होता. दोन्ही हात कोपरापासून खाली काळे पडून भेगाळलेले, जणू जुने हातमोजे चढवलेत.

लक्ष्मव्वानं रस्त्यावरूनच सगळं सांगितलं. वैद्यबुवा म्हणाले होते, महारोगाची सुरुवात आहे. दोन महिने झाले, नरसय्याला मागच्या छपरात वेगळं ठेवलंय, मागापुरतं तेवढं घरात येऊ देतात. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आता येत्या रविवारी गल्लीचे पंच बसणार होते. त्यांनी एकदा महारोग ठरवला, की नरसय्यानं गाव सोडून महारोग्यांच्या वस्तीत जायचं आणि त्याचा माग दुसऱ्याला द्यायचा.

नरसय्या स्वतः एवढंच बोलला, "डाक्टरसाब, जायाचं आसंल तर जातो. पर मागावर एक लुगडं अर्धं हाय. तेवढं पुरं करू द्या म्हनावं की."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांचे डोळे दिवाळीच्या पणत्यांसारखे लकलकत होते.

"वा!" ते नरसय्याच्या मानेवर भिंग धरून म्हणाले. "वा, वा! काय सुंदर आहे हो!"

"येडा हाय का काय ह्यो डाक्टर?" लक्ष्मव्वानं मला विचारलं.

"बाई, गप्प. दुसऱ्या बाई बोलताहेत," डॉक्टर म्हणाले. "पेंटर, रंग काढा!"

मी नरसय्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि रंगवायला घेतलं. तो पुतळ्यासारखा बसे. विणकराला बसायची सवय असते. दोन दिवस मी ती मान आणि ते हात रंगवले. आता मी जे सांगणार आहे त्यावर लोक हसतात, पण हा रोग अर्धा मी ओळखला. हसा. झालं असं की रंगवताना माझ्या ध्यानात आलं, मानेचा काळेपणा खाली विरत जात नाहीये. जिथं बंडीचा गळा सुरू होतो तिथं तो पट्टीनं रेघ मारल्यासारखा थांबतोय. आणि दुसरं म्हणजे माझा काळा रंग संपत आला होता.

मी कुरकुरलो, "डॉक्टर, याच्या उजव्या हाताला डाव्याच्या दीडपट काळा लागला."

डॉक्टर कुणाच्या तरी जिभेवर वाकले होते. ते तसेच थबकले. "परत बोला."

"उजवा हात जास्त काळा आहे. आणि बंडी सुरू होते तिथं काळं थांबतं."

डॉक्टरांनी ती जीभ सोडून दिली. "उठा. चला याच्या घरी!"

नरसय्याचा माग पुढच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. उजव्या अंगाला खिडकी. दुपारचं सोलापुरी ऊन त्या खिडकीतून थेट आत येऊन बसणाऱ्याच्या मानेवर आणि उजव्या हातावर पडत होतं. अर्धं लुगडं मागावर तसंच होतं, अंजिरी रंगाचं.

"बसा. विणा," डॉक्टर म्हणाले. नरसय्या बसला. डॉक्टर त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि एकदम किंचाळले, "पाय! पाय बाहेर काढा!"

नरसय्यानं पाय वर घेतले. पाय स्वच्छ. एक चट्टा नाही.

"का?" डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना विचारलं. "पायात कधी वहाण न घालणाऱ्या माणसाचे हात जळतात, मान जळते, मग पाय का नाही?" आणि उत्तराची वाट न बघता, कोट, टोपी, धोतर, भिंग यांच्यासकट ते स्वतः खड्ड्यात उतरले.

उतरले ते अडकले. डॉक्टरांचं पोट नरसय्याच्या पोटाच्या तिप्पट. खालून आवाज आला, "अंधार आहे! उत्तम अंधार आहे! पायांना ऊनच लागत नाही! पेंटर, सापडलं! आता मला वर काढा!"

मी एक बगल धरली. ती पुरेना. नरसय्यानं दुसरी धरली. तरी डॉक्टर हलेनात. तेव्हा दारात पदर लावून उभी असलेली लक्ष्मव्वा "अय्यो, माग मोडंल की!" म्हणत धावली आणि नरसय्याच्या हातावर हात ठेवून तिनं जोर लावला. डॉक्टर बाहेर आले. लक्ष्मव्वाला आपली दहा पावलं मग आठवली. तिनं हाताकडं बघितलं, पदराला पुसला, आणि तिथंच उभी राहिली.

"जेवता काय?" डॉक्टरांनी धूळ झटकत विचारलं.

"भाकरी," नरसय्या म्हणाला.

"भाकरीबरोबर?"

"पानी."

आता लक्ष्मव्वा पुढं सरसावली. इथं तिच्या अब्रूचा प्रश्न होता. "कातडीचं दुखनं हाय, पथ्य पाळाया नको व्हय? आदी नुसती खाज होती. वैद्यबुवांनी दूध बंद केलं. मग खाज वाढली तर डाळ बंद केली. मग शेंगा बंद, अंडं बंद, मटन बंद. दोन महिन्यामागं हात काळं झालं तर मीठ बी बंद केलं. पाच महिनं झालं, मी नुसती जोंधळ्याची भाकरी घालती. एक दिस चुकले न्हाई, देवाची आन!"

डॉक्टर मागाच्या कडेला बसले. बोटांवर महिने मोजले. मग हळू आवाजात म्हणाले, "जितका रोग वाढला, तितकं पथ्य वाढवलं. आणि जितकं पथ्य वाढवलं, तितका रोग वाढला." त्यांनी नरसय्याची जीभ पाहिली. ती चिरलेल्या बिटासारखी लाल होती. पोट बिघडलेलं. झोप उडालेली. नक्षीचे धागे चुकतात, असं तो म्हणाला.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. त्यात अशीच मान होती, काळ्यापांढऱ्या फोटोत. रोगाचं नाव पेलाग्रा. फार लांबच्या देशांतला, मका खाऊन राहणाऱ्या गरिबांचा रोग. अन्नातला काही कस मिळाला नाही की आत बिघडतं आणि ऊन लागेल तिथं कातडी ओरडते.

"पण मका!" डॉक्टर खोलीत येरझारा घालू लागले. "सोलापुरात मका खातं कोण? इथं तर ज्वारी!" खोलीच्या चाळीसेक फेऱ्या झाल्या. एक्केचाळिसाव्या फेरीला ते थांबले. "पेंटर, रोगाला पीक ओळखता येतं का हो? मका काय, ज्वारी काय. त्याला एवढंच दिसतं की या माणसाच्या भाकरीला सोबत नाही."

रविवारी चार वाजता गल्लीतल्या देवळापुढं पंच बसले. मुख्य पंच मल्लय्या. मिशा अशा, की दोन्ही बाजूंना एकेक कावळा बसावा. डॉक्टरांनी खिशातून कोंबडीचं एक पीस काढलं आणि ते असं उंच धरलं, की मला माझ्या सगळ्या गेलेल्या नाटक मंडळ्या आठवल्या.

"महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही," डॉक्टरांनी जाहीर केलं. "याचे डोळे बांधतो. पीस लावतो. जिथं लागेल तिथं यानं बोट ठेवायचं. चुकला तर वस्तीत धाडा. नाही चुकला, तर घरात घ्या."

माझं उपरणं काढून मी नरसय्याचे डोळे बांधले. सगळी गल्ली पुढं सरकली. पीस मनगटाला टेकलं, बोट मनगटावर. पीस कोपराला, बोट कोपरावर. वीस वेळा झालं, एकदाही चुकलं नाही.

"तुमची नि त्याची खून ठरलेली आसंल," मल्लय्या म्हणाला. "पीस हिकडं आना."

तो स्वतः उठला. त्यानं हातावर लावलं, बोट बरोबर पडलं. त्यानं फसवायला नुसतंच हवेत फिरवलं, नरसय्या गप्प. शेवटी त्यानं दम रोखून, मानेवरच्या त्या काळ्या पट्ट्यावरून पीस हळूहळू कानाच्या पाळीखाली नेलं.

नरसय्याचे खांदे थरथरले. मला वाटलं, बिचारा रडतोय. तेवढ्यात त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. मग घशातून. मग "अय्यो, नको की, मल्लय्यान्ना!" म्हणत तो माणूस देवळापुढच्या फरशीवर आडवा होऊन खदखदून हसायला लागला. चाळीस वर्षांचं साठलेलं असावं, थांबेचना. आधी गल्ली बघत राहिली. मग कुणीतरी एक फिसकन हसलं आणि सगळं देऊळ हसू लागलं. लक्ष्मव्वा हसताहसता डोळे पुसत होती. मल्लय्यानं आणखी दोनदा पीस लावलं. कुणी विचारलं तर म्हणाला, "खात्री करून घेतोय."

हसणं ओसरल्यावर मल्लय्यानं मिशीवर हात फिरवला. "बरं, महारोग न्हाई. पर काय तरी हाय नव्हं? उद्या आमच्या घरात शिरलं तर?"

"पहिली गोष्ट," डॉक्टर म्हणाले, "महारोग असता तरी माणूस फेकून द्यायचा नसतो. दुसरी गोष्ट, ही भूक आहे. भुकेची शेजाऱ्याला लागण होत नाही." त्यांनी नरसय्यानं सोबत आणलेला त्याचा वेगळा तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. "मला एकवीस दिवस द्या. रोज दुपारी याच्या मांडीला मांडी लावून मी जेवेन. एकवीस दिवसांत कातडी सुधारली नाही, तर तुम्ही म्हणाल ते."

पंचांनी मान्य केलं. एकवीस दिवस. नाहीतर नरसय्यानं जायचं.

आता मोठी अडचण लक्ष्मव्वाची. पथ्य मोडायचं म्हटल्यावर तिनं दोन्ही कान धरले. "पथ्य मोडलं तर दोष लागतो, डाक्टरसाब." डॉक्टर शहाणे. त्यांनी एक कागद घेतला, वर श्री लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं, "हे नवं पथ्य. पहिलं कडक नव्हतं, हे कडक आहे. रोज दूध चुकवायचं नाही. डाळ चुकवायची नाही. शेंगाची चटणी दोन्ही वेळा. एक दिवसाआड बकऱ्याचं काळीज. एक दिवस जरी चुकलं, तर जबाबदारी तुमची."

मग काय विचारता! नरसय्याला तिनं श्वास घेऊ दिला नाही. पोट भरलं म्हणाला की ती कागद दाखवे.

डॉक्टर स्वतः जन्माचे शाकाहारी. काळीज तव्यावर पडलं की ते नाकाला रुमाल लावत आणि रुमालातून म्हणत, "सुवास उत्तम सुटलाय. खा, खा." स्वतः त्याच चटईवर बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खात. पहिल्या दिवशी दोघांत एक शब्द झाला नाही. आठव्या दिवशी मी गेलो तर डॉक्टर त्याला धोटा फेकून दाखवत होते आणि नरसय्या म्हणत होता, "तुमी डाक्टरकीच करा."

चौथ्या दिवशी जिभेचा लालपणा उतरला. आठव्या दिवशी नरसय्या रात्रभर झोपला. चौदाव्या दिवशी हातावरचा काळा थर पापुद्र्यांनी सुटायला लागला आणि खालून गव्हाळ, कोवळी कातडी दिसली. मी दर तिसऱ्या दिवशी चित्र काढत होतो. पहिल्या चित्राला काळ्याची अख्खी पुडी गेली होती. शेवटच्याला चिमूटभरसुद्धा काळा लागला नाही.

एकविसाव्या दिवशी मल्लय्या आला. त्यानं मान पाहिली, हात पाहिले. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिले. मग मागाकडं गेला आणि म्हणाला, "हं. बस की मागावर."

नरसय्यानं पाय खड्ड्यात सोडले. धोटा गेला आणि आला. अंजिरी लुगडं बोटभर पुढं सरकलं. बाहेर कुणीतरी हलगी आणली होती, ती कडाडली. पोरंबाळं, बायाबाप्ये, सगळे ओरडले. चौघांनी डॉक्टरांना खांद्यावर घेतलं आणि गल्लीतून मिरवलं. मी मागून रंगांची पेटी घेऊन चाललो होतो. डॉक्टर एवढ्या गोंधळात वाकून खालच्या माणसाच्या टकलाकडं भिंगातून बघत होते. "अहो, थांबा जरा," त्यांनी त्याला विचारलं, "तुमच्या घरी मांजर आहे का?"

वैद्यबुवाही आले होते, एका कडेला, पडेल चेहऱ्यानं. डॉक्टरांनी त्यांना लोकांसमोर एका शब्दानं बोल लावला नाही. बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, तुमचं पथ्य फार गुणकारी आहे. फक्त उलटं देत जा." बुवा हसले, आणि पुढं अवघड रोगी स्वतःच डॉक्टरांकडं धाडू लागले.

माझी सात चित्रं आणि एक लांबलचक पत्र डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या तज्ज्ञांना पाठवलं. उत्तर आलं, की सोलापूरला लोक ज्वारी खातात, मका नव्हे, सबब हा रोग सोलापूरला होणं शक्य नाही. डॉक्टर ते पत्र प्रत्येक रोग्याला वाचून दाखवत आणि टाळी मागत. "झाला नाही म्हणतात!" ते हसून लोटपोट होत. "न झालेला रोग बरा केला, पेंटर! असा डॉक्टर दाखवा!"

या गोष्टीला सहा-सात महिने झाले असतील. एका गुरुवारी दुपारी मी रंगांसाठी पैसे मागायला म्हणून दवाखान्यात गेलो. रोगी कुणी नव्हते. टेबलाशी नरसय्या बंडीचा गळा उघडा करून बसला होता आणि डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं भिंगातून त्याची मान तपासत होते.

"अजून थोडी शंका वाटते," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी दाखवून जा. आणि जेवण इथंच करा. कसं जेवता ते मला बघायला हवं."

मी पुढं होऊन मान पाहिली. तीस वर्षं रंगांत घालवलेला माणूस मी. त्या मानेवर काही म्हणजे काही नव्हतं.

डॉक्टर हात धुवायला आत गेले तसा मी नरसय्याला ओसरीवर घेतलं. "अरे, तुझी मान बरी आहे. चांगली बरी आहे. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाव हाय की," तो म्हणाला.

"मग दर गुरुवारी माग बंद ठेवून येतोस कशाला?"

नरसय्यानं आत एक नजर टाकली आणि आवाज खाली घेतला. "एकवीस दिस झालं तवा जेवनं बंद झाली. मग एक डाव मी लुगडं दाखवाया आलो हुतो, ह्याच टायमाला. खानावळीचा डबा तसाच हुता. कंपाउंडर म्हनला, रोजच तसा परत जातोय. डाक्टरीनबाई वारल्यापासनं डाक्टर एकटं बसत न्हाईत ताटावर. चौदा वर्सं झाली म्हनं." त्यानं बंडीची गुंडी चाळवली. "माज्या वहिनीनं मला दोनच महिनं येगळं ताट दिलं हुतं, पेंटरसाब. ते बी गिळत न्हवतं."

अकरा वर्षं आमची भिंत एक होती. डबेवाला रोज दोनदा माझ्या दारावरून जायचा. डबा येताना जड असतो की जाताना, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"मग मीच म्हनलं, डाक्टरसाब, मान पुन्हा खाजतीया," नरसय्या म्हणाला. "त्यास्नी काय सांगू नका."

तो बंडीचा गळा आणखी थोडा उघडा करून आत गेला. मी ओसरीवरच उभा राहिलो. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "हितं, डाव्या अंगाला, लई खाज सुटलीया बगा."

"हं, हं, बघू," डॉक्टर म्हणाले. "आधी बसा. भाकरी गार होतेय."

आणि दोन पाट सरकवल्याचा आवाज आला.